अक्षर आणि खिळा : फादर स्टीफन्स यांच्या दोन पत्रांचे वाचन

मराठीच्या प्राचीन वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्याला ‘ख्रिस्तपुराण’ हा ग्रंथ परिचित असतो. त्याचा कर्ता थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट होता, तो १५७९ मध्ये गोव्यास आला आणि १६१९ मध्ये तेथेच वारला, हेही त्याला ठाऊक असते. या कवीने आपल्या माणसांना लिहिलेली पत्रे मात्र अभ्यासकांच्या हाती क्वचितच जातात. गेली तरी त्यांतील एखादे वाक्य उचलून ते भाषाशास्त्राच्या इतिहासाच्या पहिल्या पानावर चिकटवावे आणि उरलेले पत्र मिटून ठेवावे, असा प्रघात पडला आहे. प्रस्तुत लेखात त्यांपैकी दोन पत्रे शेजारी शेजारी ठेवून वाचावयाची आहेत. पहिले २४ ऑक्टोबर १५८३ चे, पॅरिस येथे असलेल्या रिचर्ड या भावाला लिहिलेले. दुसरे ५ डिसेंबर १६०८ चे, जेझुइट संघाचे प्रमुख क्लॉदिओ आक्वाविवा यांना लिहिलेले. दोहोंत पंचवीस वर्षांचे अंतर आहे. तथापि दोन्ही पत्रांत भाषेविषयीचे एक निरीक्षण समान आहे, आणि त्या निरीक्षणाचा अर्थ मात्र दोन्हीकडे निराळा आहे. ‘ख्रिस्तपुराण’ कोणत्या लिपीत वाचावे, या अद्याप न मिटलेल्या प्रश्नाचा धागा या दोन अर्थांमधील अंतरात सापडतो, असे आम्हांस वाटते.

प्रथम पत्रे घेणाऱ्यांकडे पाहू. रिचर्ड स्टीफन्स हा धर्मशास्त्राचा अध्यापक होता. इंग्लंडमध्ये कॅथलिकांवर आलेल्या बंधनांमुळे दोघा भावांनाही मायदेश सोडावा लागला. एक पॅरिसला स्थिरावला, दुसरा १५७५ मध्ये रोम येथे संघात प्रविष्ट होऊन पुढे लिस्बनमार्गे गोव्यास गेला. म्हणजे हे पत्र एका निर्वासित विद्वानाने दुसऱ्या निर्वासित विद्वानाला लिहिलेले आहे. दोघांचे शिक्षण लॅटिनमधले, दोघांच्या मनातील भाषेची मापे एकच. आक्वाविवा यांचे स्थान अगदी वेगळे. ते १५८१ पासून संघाचे सर्वाधिकारी होते, संघाच्या शिक्षणपद्धतीची प्रसिद्ध नियमावली १५९९ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत निश्चित झाली, आणि स्टीफन्सने व्रताने त्यांची आज्ञा शिरसावंद्य मानलेली होती. भावाला लिहिताना माणूस जे पाहिले ते सांगतो. वरिष्ठाला लिहिताना जे हवे आहे ते मागतो. पत्र ही वाङ्मयजाती ग्राहकसापेक्ष असते, हे तत्त्व आपण टिळक-आगरकरांच्या किंवा लोकहितवादींच्या पत्रलेखनाच्या बाबतीत सहज मान्य करतो. स्टीफन्सच्या बाबतीत मात्र त्याचा विसर पडतो, कारण आपण त्याच्याकडे पुरावा म्हणून पाहतो, लेखक म्हणून नव्हे.

याहीपूर्वीचे एक पत्र प्रसिद्ध आहे. गोव्यात उतरल्यानंतर थोड्याच दिवसांत, १० नोव्हेंबर १५७९ रोजी, स्टीफन्सने लंडनमधील आपल्या व्यापारी वडिलांना प्रवासाचा वृत्तांत लिहिला, आणि रिचर्ड हॅक्लूट याने १५८९ मध्ये तो आपल्या प्रवाससंग्रहात छापला. त्यातील लक्ष वारे, प्रवाह, समुद्रावरील पक्षी, खलाशांचे आजार आणि माडाचे उपयोग यांकडे आहे. व्यापारी बापाला जे कळेल आणि उपयोगी पडेल ते मुलाने सांगितले आहे. नवखा प्रवासी जसे लिहील तसे ते पत्र आहे. चार वर्षांनंतरचा लेखक मात्र प्रवासी राहिलेला नाही. तो सासष्टीत, म्हणजे गोव्याच्या दक्षिणेकडील सासष्टी महालात (मुंबईजवळच्या साष्टीशी याची गल्लत करू नये), लोकांत वावरणारा धर्मोपदेशक झाला आहे.

१५८३ च्या पत्राचा मुख्य विषय भाषा नाही, ही गोष्ट आरंभीच नोंदवली पाहिजे. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले; त्यांत अकबराच्या दरबारी राहून आलेले रोदोल्फो आक्वाविवा होते, आणि ते संघप्रमुख क्लॉदिओ यांचे पुतणे होते. स्टीफन्स भावाला त्या घटनेची हकीकत सांगतो. आजच्या वाचकाने त्या हकीकतीबरोबर तिच्या अलीकडची आणि पलीकडची वस्तुस्थितीही ध्यानात ठेवावयास हवी. अलीकडे सासष्टीतील देवळांचा विध्वंस झालेला होता. पलीकडे कुंकळ्ळीच्या गावकर-प्रमुखांना बोलणी करण्याच्या निमित्ताने आसोळणे येथे बोलावून ठार मारण्यात आले. हुतात्म्यांच्या दृष्टीने लिहिलेल्या पत्रात गावकऱ्यांची बाजू शोधणे व्यर्थ आहे. परंतु भाषेविषयीचे ते सुप्रसिद्ध उद्गार अशा रक्ताळलेल्या वर्षाच्या पत्रात येतात, ही गोष्ट वगळून ते उद्गार उद्धृत करणे म्हणजे त्यांचे वजन कमी करणे होय. ज्या लोकांच्या हातून आपले सहकारी मेले, त्यांच्याच भाषेला हा माणूस त्याच पत्रात मनमोकळी दाद देतो. एवढ्यावरून त्याला उदारमतवादी ठरविण्याचे कारण नाही. भाषा आणि ती बोलणारे यांच्याकडे तो दोन वेगळ्या दृष्टींनी पाहू शकत होता, इतकेच त्यावरून म्हणता येते. हे सामर्थ्य म्हणावे की मर्यादा, याचा निर्णय सोपा नाही. त्याच्या पुढील साऱ्या लेखनात हा दुहेरीपणा आहे.

त्या उद्गारांचा आशय असा. या प्रदेशांत भाषा पुष्कळ आहेत. त्यांचे उच्चारण कानाला अप्रिय नाही. त्यांची रचना लॅटिन व ग्रीक यांच्यासारखी आहे, आणि त्यांतील वाक्प्रयोग व वाक्यबंध नवल वाटावे असे आहेत. येथील अक्षरांना अवयवाचे, म्हणजे पूर्ण उच्चारखंडाचे, मूल्य असते. व्यंजनांचा स्वरांशी जितक्या प्रकारे संयोग होईल, किंवा स्पर्शवर्णांचा द्रववर्णांशी होईल, तितकी त्यांची रूपे पालटतात.

या मजकुरातील रचनासाम्याच्या विधानावरून स्टीफन्सला भारत-युरोपीय भाषाकुळाचा आद्य द्रष्टा ठरविण्याची रीत रूढ आहे. ती काटेकोर विचाराला टिकत नाही. दोन भाषा सारख्या आहेत असे म्हणणे आणि त्या एका मूळ भाषेपासून निघाल्या असे म्हणणे, यांत मोठे अंतर आहे. विल्यम जोन्स याने २ फेब्रुवारी १७८६ च्या कलकत्त्यातील व्याख्यानात दुसरे विधान केले, म्हणून त्याला महत्त्व आहे. स्टीफन्सचे विधान रचनेपुरते आहे, उगमाविषयी ते मौन आहे. त्याच दशकात फिलिप्पो सास्सेत्ती या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याने आपल्या पत्रांत देव, सर्प आणि सहा ते नऊ या संख्यावाचकांसाठी असलेले संस्कृत व इटालियन शब्द जुळतात, असे दाखविले. ऐतिहासिक भाषाशास्त्राला उपयोगी पडणारी सामग्री शब्दांची असते. त्या दृष्टीने सास्सेत्तीची यादी लहान असली तरी अधिक मोलाची आहे. शिवाय स्टीफन्सचे पत्र विसाव्या शतकापर्यंत छापलेच गेले नव्हते, तेव्हा जोन्सच्या विचारावर त्याचा प्रभाव पडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. अग्रमानाची ही शर्यत सोडून दिली तर स्टीफन्सचे काही बिघडत नाही. त्याचे खरे भाषाशास्त्रीय निरीक्षण शेवटच्या वाक्यात आहे आणि त्याकडेच दुर्लक्ष झाले आहे.

ते वाक्य बारकाईने पाहावे. लॅटिन वर्णमालेत वाढलेल्या माणसाला अक्षर म्हणजे एक ध्वनी, ही गोष्ट इतकी स्वाभाविक वाटते की तिच्याविषयी प्रश्नही पडत नाही. नागरी लिपीत ‘क’, ‘की’, ‘क्र’ ही तीन लेखनचिन्हे दृष्टीला तीन एकके म्हणून दिसतात आणि त्यांतील प्रत्येक एक उच्चारखंड असते, हे चार वर्षांच्या सहवासात स्टीफन्सने ओळखले. इतकेच नव्हे, तर ही एकके मोजकी नसून घटकांच्या संयोगातून सिद्ध होतात, हा नियमही त्याने सांगितला. ‘लिपी अवघड आहे’ अशी तक्रार करणारे परदेशी पुष्कळ झाले. ती अवघड का वाटते याचे कारण एका वाक्यात मांडणारे थोडे.

त्याने वापरलेली परिभाषाही अर्थपूर्ण आहे. स्पर्शवर्ण आणि द्रववर्ण यांचा संयोग ही लॅटिन छंदःशास्त्रातील एक खास कोटी आहे. ‘प्र’, ‘त्र’, ‘क्ल’ अशा जोडवर्णांपूर्वीचा अवयव लघू मानावा की गुरू, हा प्रश्न लॅटिन पद्य शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सोडवावा लागे. म्हणजे स्टीफन्स नागरी जोडाक्षरांकडे पाहताना व्याकरणाइतकाच पद्याचाही विचार वापरीत होता. हा माणूस पुढे मराठीत जवळजवळ ११,००० ओव्यांचा ग्रंथ रचणार होता, आणि ओवी हा मात्रांचा हिशेब न ठेवणारा, अक्षरांवर सैलपणे चालणारा छंद आहे: पहिले तीन चरण यमकबद्ध, चौथा आखूड. अक्षर हेच येथील उच्चाराचे आणि लेखनाचे माप आहे, असे ज्याने ओळखले, त्याला याच मापावर चालणारा छंद आपलासा वाटला, हा योगायोग नसावा असे आमचे मत आहे. ज्ञानेश्वरी-भागवतांच्या परंपरेने ओवीला दिलेली प्रतिष्ठा हे तिच्या निवडीचे मुख्य कारण असेलच; परंतु प्रतिष्ठा ओळखणे वेगळे आणि छंदाची चाल जिभेवर बसणे वेगळे.

आता १६०८ चे पत्र. मधल्या पंचवीस वर्षांत स्टीफन्स सासष्टीतील जुना, अनुभवी धर्मगुरू झाला होता. पत्राच्या अखेरीस तो आक्वाविवांना आपली एक जुनी इच्छा कळवितो: या प्रांतात येथील भाषेत आणि येथीलच लिपीत काही पुस्तके छापली जावीत, मलबारात तशी छापली गेली आहेत आणि तेथील ख्रिस्ती समाजाला त्यांचा मोठा लाभ झाला आहे. ही इच्छा फळास न येण्याची दोन कारणे तो देतो. पहिले असे की सुमारे ६०० साचे ओतवावे लागतील आणि ते अशक्यप्राय दिसते, कारण येथील अक्षरे युरोपातील २४ वर्णांसारखी सुटी नसून उच्चारखंडांची आहेत. दुसरे असे की प्रांतप्रमुखाच्या आज्ञेवाचून हे होणार नाही, आणि त्याच्यामागे इतर व्याप फार आहेत. तेव्हा वरूनच काही शब्द यावा, अशी त्याची विनंती आहे.

वाचकांच्या लक्षात येईल की पहिले कारण म्हणजे १५८३ चेच निरीक्षण आहे. तेव्हा अक्षराचे अवयवत्व हे नवल होते, आता ते अडचण आहे. तेव्हा संयोगांची विपुलता हा कौतुकाचा विषय होता, आता तिची किंमत शिशाच्या खिळ्यांत मोजली जात आहे. भावाला लिहिताना ज्या गोष्टीला आकडा नव्हता, तिला वरिष्ठाला लिहिताना आकडा लागला. कारण अधिकाऱ्याला नवल सांगून भागत नाही, खर्च सांगावा लागतो. निरीक्षण तेच, परंतु त्याचे वाक्य ग्राहकाप्रमाणे बदलले. म्हणूनच ही दोन पत्रे एकत्र वाचावी लागतात.

६०० हा आकडा कितपत खरा? बाराखडीचा साधा हिशेब करून पाहावा. चौतीस व्यंजने बारा स्वररूपांनी गुणिली की चारशेंवर चिन्हे होतात. स्वतंत्र स्वर आणि नित्य लागणारी जोडाक्षरे मिळविली की सहाशेची मर्यादा सहज गाठली जाते. दोन शतकांनंतर श्रीरामपूरच्या छापखान्यात पंचानन कर्मकार याने नागरी खिळ्यांचे काम हाती घेतले, तेव्हा सुमारे ७०० चिन्हांचा संच योजावा लागला होता. १८०५ मध्ये विल्यम केरीचे मराठी व्याकरण निघाले आणि नागरी खिळ्यांनी मराठी छापता येते हे सिद्ध झाले. तेव्हा स्टीफन्सचा अंदाज अतिशयोक्त नव्हता. लिपीच्या घडणीचे अचूक ज्ञान त्यामागे होते.

त्याने दिलेला मलबारचा दाखला मात्र अपुरा होता. कोल्लम येथे १५७८ मध्ये छापले गेलेले हेन्रीक हेन्रीकेस यांचे पुस्तक तमिळ लिपीत आहे, आणि तमिळ लिपीत व्यंजने अठरा असून महाप्राण व घोष यांसाठी निराळी चिन्हे नाहीत; जोडाक्षरांचा पसाराही तीत जवळजवळ नाही. तेथील खिळ्यांची संख्या आटोक्यात राहिली, ती याच कारणाने. म्हणजे एका लिपीत साधलेली गोष्ट दुसरीत का साधत नाही, याचे उत्तर स्टीफन्सच्या स्वतःच्याच निरीक्षणात होते. पण विनंतीअर्जात आपल्या दाखल्याचा कमकुवतपणा कोण दाखवून देईल? येथेही पत्राचा प्रकार लेखकाच्या युक्तिवादाला वळण देतो.

विनंतीचे फळ काय झाले, ते सर्वश्रुत आहे. आक्वाविवा जानेवारी १६१५ मध्ये निवर्तले. १६१६ मध्ये राशोल येथे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, ते रोमन लिपीत. स्टीफन्सच्या निधनानंतर निघालेली दोन पुस्तके, १६२२ ची ख्रिस्ती धर्मप्रश्नोत्तरी आणि १६४० चे, दियोगु रिबेरु यांनी वाढविलेले कोंकणी व्याकरण, हीही रोमन लिपीतच आली. पुढे २७ जून १६८४ च्या फर्मानाने गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेने देशभाषेच्या वापराविरुद्धच पाऊल उचलले, तेव्हा देशी लिपीच्या छपाईचा विचार कोण करणार?

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे. पोर्तुगीज संपर्कातून भाषेचे जे परिणाम झाले ते एकाच जातीचे नाहीत. रायगड जिल्ह्यातच, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, कोर्लई गावात ख्रिस्ती समाजाची घरची बोली आजही पोर्तुगीज-जन्य आहे. तिचे शब्द बहुतांशी पोर्तुगीज, तर वाक्याचा साचा मराठीकडे झुकलेला. पोर्तुगीजांनी चौल १७४० मध्ये सोडले, बोली मात्र टिकली. कोर्लईत परक्या शब्दांनी देशी वाक्य धरले. राशोलला देशी काव्याने परकी अक्षरे धरली. पहिला परिणाम बोलणाऱ्यांच्या पिढ्यांनी घडविला, दुसरा एका छापखान्याच्या असमर्थतेने. दोहोंना ‘पोर्तुगीज प्रभाव’ असे एकच नाव देणे शास्त्रीय दृष्ट्या चुकीचे आहे. ‘ख्रिस्तपुराणा’ची रोमन लिपी भाषेचा अंश नाही, कवीची आवडही नाही, त्याची आवड १६०८ च्या पत्रात स्पष्ट नोंदलेली आहे.

या निष्कर्षाचा संपादनशास्त्राशी साक्षात संबंध येतो. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांच्या (१६१६, १६४९, १६५४) प्रती उपलब्ध नाहीत. जे. एल. सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरहून हस्तलिखितांच्या आधारे आवृत्ती काढली, तीही रोमनमध्येच. मराठी वाचकाला नागरीत छापील ‘ख्रिस्तपुराण’ मिळाले ते शांताराम बंडेलू यांच्या १९५६ च्या पुण्याच्या आवृत्तीने, म्हणजे पहिल्या मुद्रणानंतर ३४० वर्षांनी. मधल्या काळात ज्या वाचकांसाठी मराठी ग्रंथाची भाषा ओळखीची होती त्यांना लिपी वाचता येत नव्हती, आणि ज्यांना लिपी येत होती ते मराठी वाङ्मयाच्या प्रवाहापासून दूर होत गेले. एका खिळ्याच्या प्रश्नाने एका काव्याचा वाचकवर्ग दुभंगला. हे नुकसान वाङ्मयाच्या इतिहासात क्वचितच मोजले जाते.

मग नागरी आवृत्ती हीच एकमेव प्रमाण मानावी काय? इतक्या त्वरेने तसे म्हणता येणार नाही. लंडनमधील मार्सडेन संग्रहात एक नागरी हस्तलिखित आहे, आणि त्यातील ख्रिस्ती संज्ञा रोमन परंपरेच्या मानाने अधिक संस्कृतप्रचुर आहेत. ते कवीच्या मूळ लेखनाला जवळचे की नंतर कोणी संस्कारिलेले, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. १६०८ च्या पत्राने हा वाद मिटत नाही. कवीला नागरी मुद्रण हवे होते एवढ्यावरून अमुक नागरी पोथी त्याचीच, असे सिद्ध होत नाही. पत्राला त्याच्या शक्तीपलीकडचे काम सांगू नये.

दुसऱ्या बाजूने, रोमन पाठालाही स्वतःचे मोल आहे. पोर्तुगीज वर्णमालेत मूर्धन्य वर्ण नाहीत. म्हणून ट, ड, ण, ळ यांसाठी दुहेरी अक्षरे लिहिण्याची युक्ती गोव्याच्या जेझुइटांनी वापरली. त्यामुळे द्वित्त ‘न्न’ आणि मूर्धन्य ‘ण’ यांत संदिग्धता राहते, आणि नागरी करणाऱ्या संपादकाला प्रत्येक ठिकाणी निर्णय घ्यावा लागतो. पण जेथे मूर्धन्यत्व स्पष्ट दाखविले आहे तेथे सतराव्या शतकातील उच्चाराची एक साक्ष मिळते, आणि ती नागरी शुद्धलेखनाच्या रूढीखाली झाकली गेलेली नसते. नागरी लेखक ‘शुद्ध’ रूप लिहितो; परक्या लिपीत लिहिणारा पुष्कळदा ऐकलेले रूप लिहितो. ध्वनीच्या अभ्यासकाने हा पुरावा गमावता कामा नये.

तेव्हा आमचे म्हणणे असे की, पदव्युत्तर वर्गात हा ग्रंथ शिकविताना नागरी पाठ हा वाचनाचा पाठ असावा, कारण कवीची इच्छा आणि काव्याची परंपरा दोन्ही त्याच बाजूला आहेत. आणि रोमन पाठ हा पुराव्याचा पाठ म्हणून शेजारी असावा, पाठभेदांच्या तळटीपांत गाडलेला नसावा. ज्या संपादनात संपादकाने ‘न्न’ की ‘ण’ हा निर्णय कोठे व का घेतला हे दिसत नाही, ते संपादन नागरी असूनही अपुरे आहे.

पत्रांविषयीही एक सूचना करावीशी वाटते. १९५७ मध्ये गेओर्ग शुरहामर यांनी ‘मराठी कवी’ असे बिरुद देऊन स्टीफन्सविषयीची नवी कागदपत्रे प्रसिद्ध केली, आणि १९५८ मध्ये अ. का. प्रियोळकर यांनी भारतातील मुद्रणाच्या इतिहासात या प्रश्नाची सविस्तर मांडणी केली. तेव्हापासून सामग्रीची उणीव ही सबब उरलेली नाही. तरी अजून कोणी १५८३ च्या पत्रातून एक वाक्य काढतो, कोणी १६०८ च्या पत्रातून एक आकडा, आणि दोघेही आपापल्या इतिहासात ते बसवितात. भाषाशास्त्राला भाऊ पुरतो, मुद्रणाच्या इतिहासाला संघप्रमुख पुरतो. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र दोघेही लागतात. एकाच माणसाने एकाच लिपीविषयी एकदा नवलाने आणि एकदा निकडीने लिहिले, आणि त्या दोन लेखनांच्या मध्ये कोठेतरी तो त्या लिपीच्या भाषेचा कवी झाला. आपण त्याचे काव्य ज्या अक्षरांत आज वाचतो, ती त्याने मागितली होती आणि त्याला मिळाली नव्हती, एवढे तरी त्या काव्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असले पाहिजे.